धाव ते ट्यूबलेस : कोंडलेल्या हवेचा इतिहास

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो. तापलेली धाव प्रसरण पावते, मग ती चाकावर बसवून वरून पाणी ओततात. निवताना ती आकसते आणि आऱ्यांसह चाकाचे सगळे सांधे आवळून धरते. पदार्थविज्ञानाचा एक धडा गावोगावच्या लोहारांनी पुस्तकाशिवाय शेकडो वर्षे गिरवला. धाव पंक्चर होत नाही आणि तिच्यात हवाही भरावी लागत नाही. मात्र रस्त्यावरचा प्रत्येक दगड ती गाडीत बसलेल्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचवते. हा धक्का कमी करण्यासाठी माणसाने चाकाभोवती हवा कोंडली, आणि त्या दिवसापासून ती हवा बाहेर पडू नये म्हणून तो झगडतो आहे. आज ट्यूबलेस सायकलच्या टायरमध्ये पांढरा द्रव ओतून आपण जी गळती थांबवतो, ती या झगड्यातली अलीकडची पायरी आहे. ही गोष्ट जबलपूरच्या वाटेने सांगण्याला कारण आहे.

जबलपूर हे चाकांचे शहर आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. तिथल्या मराठी वस्तीची एक मुळी त्या काळापर्यंत जाते, दुसरी रेल्वे आणि संरक्षण कारखान्यांच्या नोकऱ्यांपर्यंत. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे उतरणारा ‘ग्रेट डेक्कन रोड’ इथूनच जात असे आणि त्यावरची वाहतूक लोखंडी धावेवरच चाले. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला रेल्वेमार्ग अलाहाबादकडून आलेल्या मार्गाला जबलपुरातच मिळाला आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग आगगाडीने होऊ लागला. देशाच्या मध्यावरचे हे जंक्शन. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. तोफगाड्या तेव्हा लाकडी चाकांवर आणि लोखंडी धावेवरच फिरत. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. भारतीय सैन्याच्या ‘जोंगा’ गाडीच्या नावातला ‘ज’ही जबलपूरचाच आहे. बैलगाडीची धाव, तोफेचे चाक, ट्रकचा टायर आणि या सगळ्यांच्या बाजूने कारखान्याकडे जाणारी कामगाराची सायकल, असा चाकाचा जवळजवळ सगळा इतिहास या एका गावाने पाहिला आहे.

हवेच्या चाकाची कल्पना मात्र सायकलपेक्षाही जुनी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. रबर पाजलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि वरून चामड्याचे आवरण, अशी ती रचना होती. लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाडीला ही चाके लावून दाखवली. गाडी हलकी चालली आणि आवाजही कमी झाला. पण पातळ रबर तेव्हा महाग होते आणि सायकल अजून जन्मायची होती. गरज निर्माण होण्याआधीच उत्तर आले आणि लोक ते विसरून गेले.

थॉमसनने मग भरीव रबराची चाके केली आणि १८६७ नंतर ती रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांना लावली. त्यांपैकी काही इंजिने भारतात आली. आर. ई. बी. क्रॉम्प्टन या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकाच्या आरंभी पंजाबातल्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर ‘गव्हर्न्मेंट स्टीम ट्रेन’ नावाने ती धावली. एका इंजिनाचे नाव ‘रावी’ होते, दुसऱ्याचे ‘चिनाब’. रबरी टायरची सायकल आपल्या रस्त्यांवर येण्याच्या कितीतरी आधी रबरी चाकांची आगगाडी येऊन गेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हवेचे चाक पुन्हा जन्माला आले ते बेलफास्टमध्ये, १८८८ साली. जॉन बॉइड डनलॉप हा पशुवैद्य होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडबडीत रस्त्यावर धक्के बसतात म्हणून त्याने रबराची नळी करून तिच्यात हवा भरली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या स्वाराने असे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. थॉमसनचे जुने पेटंट सापडल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द झाले. डनलॉपचे नाव मात्र टायरवर कायमचे कोरले गेले.

डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे आणि खरी अडचण तिथेच होती. पंक्चर झाले की टायर उकलायचा, छिद्र शोधायचे, ठिगळ लावायचे आणि पुन्हा चिकटवून रात्रभर वाळत ठेवायचा. १८८९ मध्ये असाच एक पंक्चर झालेला सायकलस्वार फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला लागलेला वेळ पाहून एदुआर मिशलँ अस्वस्थ झाला. दोन वर्षांत त्यांनी सुटा होणारा टायर बाजारात आणला. सप्टेंबर १८९१ मध्ये शार्ल तेराँ हा स्वार पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत हे टायर लावून जिंकला. वाटेत पंक्चर होऊनही तो जिंकला आणि जाहिरातीसाठी हीच बाब मोलाची ठरली. टायर पंक्चर होणारच हे धरून, तो लवकर कसा दुरुस्त होईल याचा विचार मिशलँ यांनी केला होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असा विचार नेहमी दिसत नाही.

या हवेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचे वेड पसरले आणि रबराची मागणी भडकली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी मालकीच्या काँगोत जंगलातले रबर गोळा करण्यासाठी माणसांवर जी सक्ती झाली, ओलीस ठेवणे, फटके, हात तोडणे, ती या मागणीतूनच उभी राहिली. १९०८ मध्ये जगाच्या दबावाखाली तो प्रदेश राजाकडून काढून बेल्जियम सरकारकडे गेला. दुसरीकडे १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलहून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. त्यातून उगवलेली रोपे श्रीलंका आणि मलायात गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातही व्यापारी लागवड सुरू झाली. आपल्या सायकलच्या चाकाची मुळे अशी तीन खंडांत पसरलेली आहेत.

आता पुन्हा जबलपुरात येऊ. कारखान्याचा भोंगा झाला की पाळीला निघालेल्या सायकली, हे संरक्षण कारखान्यांच्या गावांतले एकेकाळचे नेहमीचे दृश्य. हजेरीची वेळ ठरलेली असे आणि वाटेतले पंक्चर म्हणजे उशिराची नोंद. म्हणून चौकात झाडाखाली बसलेला पंक्चरवाला हा या औद्योगिक व्यवस्थेचा भागच होता, जरी कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यात त्याची जागा दाखवलेली नसे. त्याची हत्यारेही मोजकीच असत : टायर उचकटायचे दोन पट्टे, कानस किंवा सँडपेपर, सोल्युशनची डबी, जुन्या ट्यूबचे तुकडे, हातपंप आणि पाण्याने भरलेले घमेले.

त्या घमेल्यात विज्ञान आहे. न दिसणारी गळती पाण्याखाली बुडबुड्यांच्या रूपाने दिसते. बुडबुड्यांची माळ जिथून उठते तिथे छिद्र असते. पंक्चरवाला ती जागा कोरडी करून घासतो. त्यामुळे ट्यूबवरचा मळ आणि गुळगुळीत थर जातो आणि चिकटायला ताजा पृष्ठभाग मिळतो. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. ते लावल्यावर तो घाई करत नाही, फुंकर मारून थांबतो. द्रावक उडून जायला हवा, नाहीतर ठिगळाखाली वाफ अडकून सांधा कच्चा राहतो. थांबण्याचे कारण त्याने पुस्तकात वाचलेले नसेल, पण किती थांबायचे हे त्याच्या बोटांना माहीत असते.

ट्यूबला छिद्र नसतानाही आठवड्याभरात हवा कमी होते. त्याचा दोष आपण व्हॉल्व्हला देतो आणि बहुधा तो बरोबरही असतो. पण व्हॉल्व्ह निर्दोष असला तरी हवा जातच असते, कारण रबर वायूंना पूर्ण अडवत नाही. थॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवले की वायू रबरात आधी विरघळतो, मग आतून सरकतो आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. प्रत्येक वायूचा वेग वेगळा असतो. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने निसटतो. म्हणूनच आजचे सायकलस्वार प्रवासात छोट्या नळकांडीतून कार्बन डायऑक्साइड भरतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ झालेले आढळते. टायर कुठेही फुटलेला नसतो. वायू रबरातून चालत गेलेला असतो.

यावर उपाय सापडला तो प्रयोगशाळेत. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्यूटाइल हे कृत्रिम रबर तयार झाले. त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या तुलनेत फारच सावकाश झिरपते. त्यानंतर पाच वर्षांत या शोधाचे महत्त्व जगाला कळले. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया जिंकला आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मुख्य स्रोतच तुटला. त्याच मोहिमेत जपानी सैनिक सायकलींवरून पुढे सरकले होते. टायर निकामी झाले की ते नुसत्या रिमवर सायकल हाकत, आणि रात्री रस्त्यावर घासणाऱ्या त्या लोखंडाचा आवाज ऐकून समोरच्यांना रणगाडे येत असल्याचा भास होई. रबर हे युद्धसाहित्य आहे हा धडा भारतानेही घेतला. १९४७ मध्ये रबर उत्पादनाविषयीचा कायदा झाला, त्यातून आजचे रबर बोर्ड आले आणि १९५५ मध्ये कोट्टायमची रबर संशोधन संस्था सुरू झाली. जबलपूरच्या लष्करी ट्रकची चाके ज्या पदार्थावर उभी आहेत, त्याचे पीक केरळात निघते, हे नाते त्या दशकातच पक्के झाले.

हवा कोंडण्यासाठी वेगळी ट्यूब हवीच कशाला, हा प्रश्न पुढे आला. गुडरिच कंपनीतील फ्रँक हर्झेगने १९४६ मध्ये ट्यूबलेस टायरच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळाले आणि १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक नव्या मोटारी ट्यूबलेस टायरवर आल्या. टायरच्या आतल्या बाजूला हवा अडवणारा थर, आणि टायरची कड रिमवर इतकी घट्ट बसलेली की सांध्यातून हवा जाऊ नये. ताणलेल्या ट्यूबमध्ये काटा घुसला की क्षणात हवा जाते. जाड टायरमध्ये घुसलेल्या काट्याला रबर चहूबाजूंनी आवळून धरते आणि हवा सावकाश निघते. मोटार चालवणाऱ्याचा जीव वाचण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा होता.

सायकलला मात्र ट्यूबलेस व्हायला आणखी चाळीसहून अधिक वर्षे लागली. कारण सरळ होते. मोटारीचे रिम अखंड पत्र्याचे असते आणि सायकलच्या रिमला प्रत्येक आऱ्यासाठी भोक असते. छत्तीस आरे म्हणजे गळतीच्या छत्तीस जागा. १९९९ मध्ये माविक, मिशलँ आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी मिळून डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस प्रणाली आणली. त्यानंतर अमेरिकेच्या स्टॅन कोझियाटेकने साध्या रिमवर हवाबंद टेप आणि टायरमध्ये द्रव सीलंट ही जोडी लोकप्रिय केली.

सीलंटची खरी परीक्षा ज्या काट्यांवर झाली, त्यांतला एक आपल्या घरचा आहे. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात सायकलस्वारांचा मोठा शत्रू म्हणजे जमिनीलगत पसरणारी एक काटेरी वेल. तिचे इंग्रजी नावच ‘पंक्चरवाली वेल’ अशा अर्थाचे आहे. ती तिथली मूळची नव्हे, जुन्या जगातून गेलेली. आपण तिला सराटा म्हणतो, वैद्य गोखरू म्हणतात आणि दशमुळांमध्ये तिची गणना होते. १९६१ मध्ये अमेरिकेने ती आटोक्यात आणण्यासाठी तिच्यावर जगणाऱ्या दोन जातींचे सोंडकिडे सोडले. भारत, फ्रान्स आणि इटली हे त्यांचे मूळ प्रदेश. जबलपूरच्या माळावर अनवाणी पायात मोडणारा सराटा सातासमुद्रापार टायर पंक्चर करतो आहे. बाभळीचा काटा आपल्याकडे त्याच्या जोडीला आहेच.

आता प्रत्यक्ष गळतीकडे वळू. ट्यूबलेस सायकलमधून हवा पाच वाटांनी जाते : व्हॉल्व्हच्या बुडातून, आऱ्यांच्या भोकांवरची टेप सुटल्याने, टायरची कड आणि रिम यांच्या फटीतून, टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीतून आणि काट्याने पडलेल्या छिद्रातून. शोधण्याची रीत जुनीच, घमेल्याऐवजी साबणाचे पाणी. फेस जिथे फुगतो तिथे गळती. व्हॉल्व्हपाशी फेस आला तर नट हाताने आवळावा किंवा व्हॉल्व्हचे रबर बदलावे. आऱ्याच्या टोकाशी आला तर टायर काढून जुनी टेप सोलावी, रिम पुसून पूर्ण कोरडी करावी आणि नवी टेप ताणून बसवावी. इथे वरून सीलंट ओतून भागत नाही. कडेशी आला तर रिममधली माती आणि वाळलेला चीक साफ करावा, कडेला साबणाचे पाणी लावून जोराने हवा भरावी. कड ‘टक्’ असा आवाज करून जागेवर बसते. भिंतीतल्या बारीक छिद्रांसाठी चाक आडवे धरून दोन्ही बाजूंनी हलवावे, म्हणजे सीलंट सगळीकडे पोहोचते. छिद्र काही मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तर दुकानात जिला ‘स्ट्रिप’ म्हणतात ती चिकट रबरी वात आत खुपसावी लागते.

सीलंट काम कसे करते? बहुतेक सीलंटमध्ये पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण असतात, म्हणजे झाडाचा चीकच. तो डब्यात गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि बरोबर बारीक तंतू किंवा कण मिसळतात. छिद्र पडले की आतला दाब द्रवाला तिकडे ढकलतो. तंतू छिद्राच्या तोंडाशी अडकून बांध घालतात. वेगाने बाहेर पडणाऱ्या हवेत पाणी उडते, रबराचे कण एकमेकांना चिकटतात आणि बांध पक्का होतो. आपल्या बोटाला कापले की रक्त गोठते, त्याच्याशी हे बरेच जुळते. याला मर्यादाही आहेत. सीलंट काही महिन्यांत वाळते आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या जबलपूरसारख्या गावात त्याहूनही लवकर. ते अधूनमधून तपासावे लागते. कार्बन डायऑक्साइड भरल्यास काही सीलंट आतच गोठतात.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रबराचे झाड चीक टायरसाठी बनवत नाही. साल कापली, किडीने चावा घेतला, तर चीक बाहेर येऊन जखम बंद करतो आणि किडीचे तोंडही चिकटवतो. रुईच्या देठाला किंवा वडाच्या पानाला येणारा चीकही हेच करतो. माणसाने हा पदार्थ झाडापासून घेतला, शिजवला, गंधक घालून टणक केला, त्याच्या नळ्या केल्या, आणि दीडशे वर्षांनी तोच कच्चा चीक पुन्हा जखम बंद करण्याच्या त्याच्या मूळ कामाला लावला.

आपल्या प्रयोगशाळाही याच दिशेने चालल्या आहेत. जून २०२१ मध्ये कोट्टायमच्या संस्थेने जनुकीय बदल केलेले रबराचे झाड गुवाहाटीजवळ लावले. आसामची थंडी आणि कोरडा हिवाळा त्याने सोसावा हा हेतू होता. त्याच वर्षी कोलकात्याची आयसर आणि खरगपूरची आयआयटी येथील संशोधकांनी तडा गेल्यावर आपोआप सांधणारा स्फटिक ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगापुढे मांडला. तुटलेल्या पृष्ठभागांवर विरुद्ध विद्युत्भार येतात, ते एकमेकांना ओढतात आणि स्फटिक निमिषात जुळतो. आपली जखम आपणच भरून काढणारे पदार्थ हा आज जगभरच्या संशोधनाचा विषय आहे.

तरीही एक हिशेब बाकी राहतो. ट्यूबलेस टायर आणि सीलंट आज महागड्या सायकलींवर आहेत. कामावर जाणारा मजूर, दूधवाला, शाळेला जाणारी खेड्यातली मुलगी यांची काळी, दणकट सायकल अजून ट्यूबवरच चालते. ज्यांची रोजी पंक्चरमुळे बुडते, त्यांच्यापर्यंत हा उपाय पोहोचलेला नाही. त्यांच्यासाठी झाडाखालचे घमेलेच आधार आहे, आणि ती दुकाने एकेक करून उठत आहेत. मिशलँ बंधूंच्या दारात पंक्चर झालेला एक स्वार आला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. आपल्या चौकातल्या पंक्चरवाल्याच्या दारात असे हजारो आले. कोणता काटा कुठे घुसतो, उन्हाळ्यात कोणते ठिगळ सुटते, हे त्याच्याइतके कोणत्याही प्रयोगशाळेला ठाऊक नाही. स्वस्त रिमवर चालणारा आणि मे महिन्याच्या उन्हात टिकणारा सीलंट कधी भारतात तयार व्हायचा असेल, तर त्याच्या अभ्यासाची सुरुवात त्या घमेल्यापासून व्हायला हवी.

आपल्या गावच्या पंक्चरवाल्याकडून शिकलेली एखादी युक्ती आठवत असेल तर खाली अवश्य लिहा. अशा नोंदी कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत.

#विज्ञानाचा_इतिहास #रबर #सायकल #जबलपूर